बाहेर फिरणाऱ्या मांजराला चावा बसला तर: पकडण्यापासून जखम भरेपर्यंत

आमच्या दारात जेवायला येणारा करडा बोका एका सकाळी वाटीपाशी आलाच नाही. पायरीच्या कडेला पाय पोटाखाली घेऊन बसून राहिला. लंगडत नव्हता, रक्त कुठे दिसत नव्हतं. डाव्या गालावरचे चिमूटभर केस ओले होऊन एकमेकांना चिकटले होते, एवढंच. रात्री कुणाशी तरी भांडला असेल, चाटून बरा करेल, असं म्हणून मी वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गाल लिंबाएवढा सुजला, डोळा अर्धा मिटला. चौथ्या दिवशी तो दिसायच्या आधी त्याचा वास आला. गळू फुटलं होतं आणि पिवळट-तपकिरी पू मानेपर्यंत ओघळला होता. पहिल्या सकाळी दिसलेले ते चिकटलेले केस हीच जखम होती. मी ती पाहिली होती आणि सोडून दिली होती.

तो वाचला. पण त्यानंतर चावा बसलेलं मांजर दिसलं की मी एक दिवसही थांबत नाही. का आणि मग काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

चावा वरून लहान का दिसतो

मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. सुई टोचावी तसे ते कातडीत शिरतात आणि बाहेर येतात. मांजराची कातडी सैल असल्यामुळे वरचं भोक काही तासांत मिटून जातं. आत मात्र चावणाऱ्याच्या तोंडातले जंतू खोलवर राहिलेले असतात. पाश्चुरेला नावाचा जंतू निरोगी मांजरांच्या तोंडातही सर्रास असतो, आणि त्याच्या जोडीला हवेशिवाय वाढणारे जंतूही. तोंड मिटलेली, ऊबदार, ओलसर पोकळी त्यांना मिळाली की २ ते ५ दिवसांत तिथे पू साचतो आणि गळू होतं.

चावा बसल्यापासून २४ तासांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर पुष्कळदा गळू होतच नाही. उशीर झाला की भूल, चिरा, धुणं हे सगळं आलं.

कुत्र्याच्या चाव्याची तऱ्हा वेगळी. कुत्रा नुसता चावत नाही, धरून झटकतो. वर दोन भोकं दिसतात आणि खाली कातडी स्नायूंपासून सुटलेली असते, बरगडी मोडलेली असते, कधी आतडं फाटलेलं असतं. कुत्र्याने तोंडात धरलेलं मांजर नंतर हिंडत-फिरत असलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. यात 'बघू उद्या' नाही.

आधी लांबून बघा

जखमी मांजराला आपली दुखणी लपवायची सवय असते, त्यामुळे जवळ जाण्याआधी पाच मिनिटं शांतपणे नुसतं बघा. अंग चोरून बसलंय का, डोळे बारीक केलेत का, एक पाय टेकवत नाही का, शेपटी एकाच जागी लोंबते का, खाण्याकडे पाठ फिरवली का. लाडात येऊन करतं तसं घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नका. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

श्वास मोजायला हातही लावावा लागत नाही. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेल्या मांजराचे मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास असतात. निवांत असूनही ४० च्या वर जात असतील किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर घरगुती उपचारात एक क्षणही घालवायचा नाही.

पकडायच्या आधी सगळं मांडून ठेवा

घरातलं मांजर निसटलं तर पलंगाखाली सापडतं. बाहेरचं मांजर एकदा घाबरून निसटलं की चार-पाच दिवस फिरकत नाही, आणि नेमके तेच दिवस गळू वाढायचे. पकडायची संधी एकदाच मिळणार आहे असं समजून तयारी करा.

एक लहान खोली मोकळी करा. बाथरूमही चालतं. खिडक्या बंद, कपाटामागच्या फटी बुजवलेल्या. मांजर न्यायची पेटी, म्हणजे कॅरियर, शक्यतो वरून उघडणारा, आत जुना टॉवेल अंथरलेला. दोन जाड टॉवेल, रबरी हातमोजे, स्वच्छ गॉझ, बोथट टोकाची कात्री, सुई काढलेली १० किंवा २० मिलिलीटरची सिरिंज, टॉर्च. जखम धुवायला सलाईन: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा. पशुवैद्याला आधीच फोन करून ठेवा, कारण मांजर पेटीत शिरल्यावर नंबर शोधत बसायची ती वेळ नसते.

हात लावू देणारं मांजर असेल तर त्याला नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात खायला घाला. ते खात असताना मागून टॉवेल अंगावर टाका, डोक्यासकट झाका आणि पुढचे पाय आत येतील असं दोन्ही बाजूंनी गुंडाळून तसंच पेटीत ठेवा. टॉवेल काढायच्या भानगडीत पडू नका, पेटीत गेल्यावर ते आपलं आपण बाहेर येतं. मानगुटीला धरून उचलू नका. मोठ्या मांजराला त्याने दुखतं आणि चावा मानेवर असेल तर तुम्ही नेमकं गळवावरच धरता.

हात लावू न देणाऱ्या मांजराला अशा तऱ्हेने पकडायला जाऊच नका. त्यासाठी दार आपोआप पडणारा सापळ्याचा पिंजरा लागतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि काही दवाखाने तो वापरायला देतात. आत वासाचं खाणं ठेवा, पिंजऱ्यावर नजर ठेवा, आणि दार पडताक्षणी वरून चादर टाका. अंधार झाला की मांजर धडका मारायचं थांबतं. मग पिंजऱ्यासकट थेट डॉक्टरकडे. अशा मांजराची जखम घरी उघडून बघायचा प्रयत्न करू नका.

चावा शोधायचा कसा

चांगल्या उजेडात, केसांच्या उलट दिशेने बोटांची टोकं हळूहळू फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं: खडबडीत बारकी खपली, चिकटलेला केसांचा झुपका, आजूबाजूपेक्षा गरम लागणारी जागा, दाबल्यावर आत पाणी असल्यासारखी लिबलिबीत लागणारी सूज. गाल, कान, मान आणि पुढच्या पायांवर चावे असतील तर मांजर समोरासमोर लढलेलं असतं. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांवर असतील तर पळताना मागून धरलेलं असतं. एक भोक सापडलं की शोध थांबवू नका. सुळे जोडीने लागतात, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरवर दुसरं भोक बहुधा असतंच. पाय लंगडतोय आणि जखम दिसत नाही, अशा वेळी बोटांच्या बेचक्या आणि पंजाच्या वरची जागा नीट बघा.

मांजर सहन करत असेल तरच गुदद्वारातून ताप मोजा. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान. १०३ च्या वर ताप. ९९ च्या खाली घसरलं असेल तर ते तापापेक्षाही वाईट. कान गरम लागले म्हणून ताप आहे असा अंदाज बांधू नका, तो चुकतो.

थेट दवाखान्यात कधी

कुत्र्याचा किंवा रानटी प्राण्याचा चावा. छाती, पोट, डोळा किंवा सांध्यावरची जखम. १० मिनिटं गॉझने दाबून धरूनही न थांबणारं रक्त. पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या. लोंबणारा पाय किंवा शेपटी. जखमेत वळवळणाऱ्या अळ्या. मूत न होणं. उभं राहता न येणं. यातलं एकही असेल तर फक्त स्वच्छ गॉझ ठेवून निघा. छातीच्या जखमेतून हवा आत-बाहेर होत असेल तर त्यावर ओलसर गॉझ आणि वर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा हाताने धरून ठेवा. रक्त थांबलंय का हे बघायला गॉझ सारखा उचलू नका. उचलला की जमलेली गुठळी निघते. भिजला तर वरून दुसरा ठेवा.

अळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण उबदार हवेत हे फार झटपट घडतं. ओल्या, पू येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि ती दिवसभरात फुटतात. पांढरट तांदळाच्या कणीसारखी अंडी केसांना चिकटलेली दिसली तर कात्रीने ते केसच कापून टाका. अळ्या पडल्याच असतील तर टर्पेंटाईन, रॉकेल, फिनाईल यांतलं काहीही ओतू नका. त्याने कातडी भाजते, आणि मांजर ते चाटतं म्हणजे पोटातही जातं. डॉक्टर चिमट्याने काढतात, धुतात, आणि आत किती खोल गेल्यात ते बघतात.

घरी धुता येण्याजोगी जखम

मांजर खातंय, चालतंय आणि डॉक्टरकडे पोचायला काही तास आहेत, अशा वेळी एवढं करता येतं.

जखमेभोवतीचे केस कात्री कातडीला समांतर धरून कमी करा. आधी जखमेवर पाण्यात विरघळणारी जेली लावली तर कापलेले केस आत जात नाहीत, सलाईनबरोबर वाहून जातात. मग सिरिंजने कोमट सलाईन जखमेवरून भरपूर वाहू द्या. मिटत आलेल्या बारीक भोकात सिरिंजचं टोक घालून जोराने पाणी मारू नका. त्याने घाण आणखी खोल ढकलली जाते. गळू आधीच फुटलेलं असेल तर आतली पोकळी हलक्या हाताने, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. शेवटी पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून गॉझने टिपा. डोळ्याच्या जवळ मात्र नुसतं सलाईन.

न फुटलेल्या गळवावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ५ ते १० मिनिटं धरा, दिवसातून दोन-तीनदा. आधी आपल्या मनगटावर ठेवून बघा. तिथे चटका बसत असेल तर ते मांजरालाही बसेल. गळू दाबून फोडायचं नाही, घरी सुईने टोचायचं तर मुळीच नाही. पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो आणि तो दाब त्या जिवाला असह्य होतो.

पट्टी बांधू नका. चाव्याच्या जखमेला वाहायला वाट हवी असते. बांधली की पू आत कोंडतो, आणि पायाला घट्ट बांधलेली पट्टी रक्त अडवून पंजाच धोक्यात आणते.

हे कधीच नाही

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची माणसाच्या यकृतात असते तशी क्षमता मांजराच्या यकृतात नाही. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनही आपल्या मनाने द्यायचं नाही. दुखणं कमी करणारी औषधं मांजरासाठी आहेत, पण ती वजनावर मोजून डॉक्टरांनीच द्यायची.

फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं, म्हणजे डेटॉलसारखी पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी, मांजराला विषारी आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर भरत आलेलं मांसही जाळतात. टी ट्री तेल, झिंकची मलमं, बधिर करणारी मलमं, कुत्र्यासाठीचं पिसवांचं औषध, सगळं लांब ठेवा. मांजर अंगावर लावलेलं प्रत्येक औषध चाटून पोटात घेतं. आपण जे लावतो ते खायलाच घालतोय असं समजून ठरवावं.

दवाखान्यात काय होतं

डॉक्टरांना चावा कधी बसला असावा, कुणी चावलं असावं, लस झाली आहे का, खाणं कधी थांबलं, एवढं नीट सांगा. ताजा चावा असेल तर केस काढून धुतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात, बहुधा ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं. गळू झालेलं असेल तर गुंगी किंवा भूल देऊन चिरा घेतात, पू काढून पोकळी धुतात. पोकळी मोठी असेल तर मऊ रबराची नळी ठेवतात, ती ३ ते ५ दिवसांनी काढतात. जखम मुद्दाम उघडी ठेवलेली बघून घाबरू नका. ती आतून वर भरत येणंच योग्य. वरचं तोंड आधी शिवलं तर खाली पुन्हा पू होतो.

रोज गोळी देणं जमणार नाही असं मांजर असेल तर ते तिथेच स्पष्ट सांगा. सेफोव्हेसिन नावाच्या इंजेक्शनचा असर साधारण १४ दिवस टिकतो, आणि रानटी वृत्तीच्या मांजरासाठी बऱ्याचदा तोच मार्ग उरतो. भूल दिलेलीच आहे तर नसबंदी, रक्ततपासणी आणि लस यांबद्दलही विचारा. सगळं त्याच वेळी नाही जमलं तरी पुढची तारीख ठरते.

घरात १० ते १४ दिवस

हा भाग माणसाला जास्त जड जातो. मांजर दाराशी बसून ओरडतं, रात्रभर दार खरवडतं. आमच्या बोक्याने पहिल्या दोन रात्री एक मिनिट शांतता दिली नाही. तिसऱ्या रात्री तो पाणी तापवायच्या टाकीखाली शिरला आणि सकाळी तिथूनच खायला बाहेर आला. लपायला एक खोका ठेवला असता तर आदल्या दोन रात्री त्याला आणि आम्हाला बऱ्याच सोप्या गेल्या असत्या. म्हणून खोका पहिल्या दिवसापासून ठेवा, तोंड भिंतीकडे करून.

शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी कागदाच्या पट्ट्या घाला. वाळूचे कण उघड्या जखमेत जातात. गळ्यात कोन, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी फनेलसारखी कॉलर, लागेल. मांजर चाटून जखम साफ करतं ही समजूत सोडून द्या. त्याची जीभ कानशीसारखी खरखरीत असते, ती नवी कातडी सोलून काढते आणि नळी असेल तर दात लावून उपटते. कोन घालून खाता येत नसेल तर जेवणापुरता, तुमच्या डोळ्यांसमोर काढा.

खाण्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. मांजर, त्यातही जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचायला लागते आणि चाव्यापेक्षा मोठं दुखणं उभं राहतं. खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो. नाक पुवाने किंवा सुजेने भरलेल्या मांजराला तो वासच खायला उठवतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा.

गोळी दिल्यावर मागून सिरिंजने ५ मिली पाणी गालाच्या कडेने द्या किंवा घासभर ओलं खाणं द्या. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते आणि पुढे अन्ननलिकाच आवळते. तिसऱ्या दिवशी मांजर टुणटुणीत दिसायला लागतं, तरी अँटिबायोटिक सांगितलेल्या शेवटच्या गोळीपर्यंत चालू ठेवा.

रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात जखमेचा फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, पहिल्या आणि पाचव्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत गुलाबी, पातळ पाणी येणं ठीक. वास, घट्ट पू, वाढती सूज, काळी पडणारी कातडी, पुन्हा चढलेला ताप, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. छातीवर चावा बसला होता आणि काही दिवसांनी, अगदी दोन-तीन आठवड्यांनी, मांजराला धाप लागायला लागली तर तो चावा डॉक्टरांना आठवणीने सांगा. फुफ्फुसांभोवती पू साचलेला असू शकतो.

रेबीज, दोन विषाणू आणि तुमचा हात

रेबीज असलेल्या भागात अनोळखी प्राण्याच्या चाव्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. लस झालेल्या मांजराला लगेच पुन्हा एक डोस देतात. लस न झालेल्या मांजराला वेगळं ठेवून दीर्घकाळ लक्ष ठेवावं लागतं, आणि ते कसं हे पशुवैद्य स्थानिक नियमांप्रमाणे सांगतात. वागण्यात अचानक बदल, लाळ गळणं, गिळता न येणं, झोकांड्या जाणं यांतलं काही दिसलं तर मांजराला हात लावू नका.

पकडताना ते तुम्हाला चावलं किंवा बोचकारलं, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. रेबीज आणि धनुर्वाताच्या लशीचं तेच ठरवतील. हातावरचा मांजराचा चावा बारा तासांत ठणकायला लागू शकतो. बोटांच्या सांध्यात जंतू गेले तर मामला गंभीर होतो. मांजराच्या जखमेला लागू पडणारं सगळं तुमच्या बोटालाही लागू आहे: भोक लहान, आतली जखम खोल.

एफआयव्ही आणि एफईएलव्ही हे मांजरांचे दोन विषाणू चाव्यातून पसरतात. एफआयव्ही तर प्रामुख्याने चाव्यातूनच. दोन्ही माणसाला होत नाहीत. चाव्याच्या दिवशी केलेली तपासणी जुना संसर्ग दाखवते, या चाव्याने झालेला नाही. म्हणून साधारण ६० दिवसांनी पुन्हा करावी. एफआयव्ही निघालं म्हणजे मांजर गेलं, असं समजू नका. नीट खाणारं, भांडणापासून लांब ठेवलेलं असं मांजर वर्षानुवर्षं जगतं.

परत बाहेर

नळी निघाली, कातडी मिटली, औषध संपलं आणि मांजर नेहमीसारखं खातंय, एवढं झाल्यावरच दार उघडा. सोडायची जागा तीच, जिथून पकडलं. दुसरीकडे सोडलेल्या मांजराला नवी हद्द मिळवायला पुन्हा लढावं लागतं. पूर्ण वाढ झालेल्या बोक्यांची बहुतेक भांडणं हद्दीवरून आणि मादीवरून होतात. नसबंदीनंतर त्यांचं भटकणं आणि लढणं बरंच कमी होतं, पण सवय मुरलेल्या बोक्यात हा फरक दिसायला काही आठवडे जातात. तोपर्यंत निदान रात्री आत घेता आलं तर घ्या, कारण मारामाऱ्या बहुधा अंधारातच होतात. दोन-तीन मांजरं येत असतील तर वाट्या एकमेकांपासून लांब, एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा.

पुढचा महिनाभर जेवायच्या वेळी त्याच जागेवरून रोज बोट फिरवा. भरलेली जखम पुन्हा पुन्हा फुगत असेल किंवा दोन आठवड्यांनंतरही पाझरत असेल, तर आत तुटलेल्या दाताचा तुकडा, मेलेल्या हाडाचा कण किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशी जखम हातमोज्यांशिवाय हाताळू नका, कारण काही बुरशी माणसालाही होतात. तिच्यातला नमुना तपासायला पाठवा म्हणून डॉक्टरांना सांगा. आमच्या बोक्याचा गाल एकदा असाच पुन्हा फुगला. दुसऱ्यांदा धुताना डॉक्टरांनी चिमट्याने त्यातून तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, पिवळट, टोकदार काहीतरी काढून गॉझवर ठेवलं. दुसऱ्या बोक्याच्या सुळ्याचं टोक होतं ते. त्यानंतर जखम आठ दिवसांत मिटली.